चित्र आणि हाशिया

(मालगुंड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त पाठ)



केशवसुतांच्या या गावी दरबारी लघुचित्रांविषयी बोलावे, हे काहींना दूरचे वाटेल. परंतु शेजारचा जयगड आदिलशाहीत बांधला गेला आणि दख्खनच्या याच सुलतानांच्या आश्रयाने व्यक्तिचित्रणाची कला वाढली.

मशिदीत व कुराणाच्या प्रतींत मनुष्याकृती काढीत नसत. दरबारी ग्रंथांत मात्र तिला मुक्त स्थान मिळाले. अकबराने आपल्या सरदारांची चित्रे काढवून घेतल्याचे अबुल फजल नमूद करतो. सुट्या चित्रांच्या संग्रहास ‘मुरक्का’ म्हणत. चित्र जाड पानावर चिकटवीत, भोवती रंगीत रेघा आखीत आणि बाहेरची रुंद किनार, म्हणजे ‘हाशिया’, सोनेरी वेलबुट्टीने सजवीत. जहांगीराच्या काळी या किनारीत माणसे व पशुपक्षी आले. शहाजहानच्या काळी फुलझाडे बहरली. हाशिया केवळ शोभेचा नव्हता. लहानमोठी चित्रे त्यामुळे एका मापाच्या पानांवर बसत आणि पान उलटताना बोट किनारीस लागे, चित्रास नव्हे.

या कलेचे महाराष्ट्रावर ऋण आहे. शिवछत्रपतींच्या विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या चित्रांपैकी अनेक गोवळकोंड्याच्या शैलीतील आहेत. मनुची या इटालियन प्रवाशाने मीर महंमद या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या संग्रहात महाराज अश्वारूढ आहेत; तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तरीही दीर्घकाळ भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे चालत होते. वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातील चित्र प्रसिद्धीस आणले, तेव्हा ही चूक दूर झाली. त्या चित्राखाली महाराजांचे नाव छापलेले होते. ते नाव कोणी कापून टाकले असते, तर?

म्हणून आपणांस एक विनंती आहे. शाळेतील जुनी छायाचित्रे, घरांतील सनदा व पोथ्या यांचे समास चौकटीत बसविण्यासाठी कापू नका. प्लास्टिकचे आवरण तापवून चिकटवू नका. कोकणातील दमट हवेत कागद कोरड्या जागी ठेवा. चित्रातील माणसांची नावे, वडीलधारी मंडळी आहेत तोवर, विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. महत्त्वाचे दप्तर आढळल्यास पुराभिलेख खात्यास कळवा.

चेहरा चित्रकार देतो. ओळख मात्र पुष्कळदा किनारीवरच जपली जाते.