बीटी नावाचा जिवाणू

वैजापूरच्या शिवारात सरकी लावायची वेळ आली की ‘बीटी’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. हे नाव मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचं आहे, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना तो आजारी रेशीमअळ्यांत सापडला; पुढे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतावरून त्याचं बारसं झालं.

त्याची करामत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. बीजाणू तयार होताना त्याच पेशीत प्रथिनाचा स्फटिक जमतो, बहुधा शंकरपाळ्याच्या आकाराचा. अळीनं तो खाल्ला की तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतो, तिथल्या पेशींना चिकटतो आणि त्यांना भोकं पाडतो. अळी खाणं सोडते, मलूल पडते, मरते. आपल्या जठरात मात्र आम्ल असतं, आणि हे प्रथिन जिथं चिकटतं ती जागाच माणसाच्या आतड्यात नसते. म्हणून या जिवाणूनं माणूस आजारी पडल्याची उदाहरणं अगदी क्वचित. तरी बीटीची पावडर फवारताना डोळे सांभाळा, जखम उघडी ठेवू नका. नोंदलेल्या मोजक्या घटनांत डोळा आणि जखमाही आहेत.

२००२ मध्ये देशात मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कपाशीत हे प्रथिन बनवणारं या जिवाणूचं जनुक होतं, आणि त्यामागे आपल्या जालन्याची महिको ही बियाणं कंपनी होती. गुलाबी बोंडअळी आता त्या प्रथिनाला जुमानत नाही. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यानं ते सोसलंय. तेव्हा कामगंध सापळे वेळेत लावा, आणि डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका.