निवड झाली नाही, मग?

शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला मी अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल निवड चाचणीला गेलो आणि पहिल्याच दिवशी बाद झालो. त्या मुख्य संघाला व्हार्सिटी म्हणतात. वरच्या गटात हंगामाला ५६ सामन्यांपर्यंत खेळ, पगारी प्रशिक्षक, काहींना शिष्यवृत्ती.

मी क्लबच्या संघात गेलो. तिथे वर्गणी आपली, प्रवासाची सोय आपली, हिशेबही विद्यार्थ्यांकडेच. सामने शनिवार-रविवारी, म्हणून प्रॅक्टिकल बुडत नसे. ऐन हंगामात, मार्चमध्ये रमजान आला. रोजा धरून सलग दोन सामने जड गेले, खोटं कशाला बोलू? कर्णधाराला सांगितलं, तो वर्गातलाच. पुढे महिनाभर मी एकच सामना खेळलो.

अब्बा फोनवर म्हणाले, “निवड झाली नाही ना, मग खेळतोस कशाला?”

“अब्बा, यंदा खजिनदार मी आहे.”