दहावं नाणं

मी ठाण्याच्या खोपट भागात बचत गटांचं काम बघते. आज माझ्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल थोडं बोलणार आहे. गटात आपण सगळ्या धर्मांच्या बायका असतो, पण ही गोष्ट सगळ्यांच्याच घरातली आहे.

प्रभू येशूने दिलेले दाखले बघा: पिठात घातलेलं खमीर, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ, घरातला दिवा. लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, एक बाई आहे. तिच्याजवळ दहा नाणी असतात. एक हरवतं. नऊ आहेत ना, असं म्हणून ती बसत नाही. दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते.

आमच्या एका गटातही दहा जणी आहेत. त्यातल्या एकीचे कर्जाचे तीन हप्ते थकले. ती बैठकीला यायची बंद झाली. बाकीच्यांचं म्हणणं होतं, तिला काढून टाका, नऊ जणींनी का भोगायचं? त्यांचा राग खोटा नव्हता. तो पैसा प्रत्येकीने पोटाला चिमटा काढून साठवलेला होता.

तरी दोघी जणी तिच्या घरी गेल्या. नवरा आजारी, तिची दोन घरची कामं सुटलेली. पैसे बुडवायचे नव्हते. तोंड कसं दाखवू, म्हणून ती येत नव्हती. बैठकीत ठराव झाला: कर्ज माफ नाही, हप्ता मात्र निम्मा. तसं इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. अजून तिची फेड चालूच आहे, पण ती बैठकीला येते.

मला इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांच्या माहेरी सोवळं फार कडक. 1895 साली पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार मोडला. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या, तरी आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवत. मग विचार करता करता त्यांना पटलं की जातिभेद माणसाने केला, देवाने नाही. त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण बदल आधी पाण्याच्या भांड्यापाशी झाला होता. शाळेत न गेलेल्या या बाईने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. मिळाली तर गटात वाचा.

यातून मी एवढं शिकले, की श्रद्धा रविवारी चर्चमध्ये जितकी कळते, तितकीच ती आपण कुणाच्या हातचं पाणी पितो आणि अडलेलीशी कसं बोलतो यातही कळते. दया म्हणजे हिशेब सोडणं नव्हे. दाखल्यातल्या बाईनेही आपली नाणी मोजली होती, म्हणून तर एक कमी आहे हे तिला कळलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हजेरी घेताना सलग दोनदा कोण आलं नाही ते बघा. दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जाऊन या.