व्हॉट्सअ‍ॅपवरील आपलें चित्र



ज्युबिलीचें छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर कसें लावावें, असें पुष्कळ वडीलधारीं आम्हांस विचारितात. 'सेटिंग्ज' उघडून आपल्या नांवाशेजारील वर्तुळास स्पर्श करावा व चित्र निवडावें, एवढेंच तें. वर्तुळांत कडेचीं माणसें कापलीं जातात, तेव्हां सबंध कुटुंबाचा हट्ट नको! मात्र 'प्रायव्हसी'मध्यें 'प्रोफाइल फोटो' हा 'माय काँटॅक्ट्स'वर ठेवावा. २०२२ पासून त्यांतूनही नको तीं माणसें वगळतां येतात. 'एव्हरीवन' ठेविल्यास कोणताही परका तें चित्र पाहतो. हल्लीं ठग असलीं चित्रें उचलून स्वतःच्या क्रमांकावर लावितात आणि, धर्मगुरूंच्या नांवानेंसुद्धां, पैसे मागतात. आमचें चित्र पाहूनही पैसे धाडूं नयेत. आमच्या जुन्या क्रमांकावर फोन करून आधीं आमचा आवाज ऐकावा.