खटल्याविना तुरुंग



साहित्य संमेलनाच्या या मांडवात मी मराठी भाषेच्या भवितव्यावर बोलावे, अशी अपेक्षा होती. तो विषय मी आज बाजूला ठेवतो. मला बोलायचे आहे ते जम्मू-काश्मीरच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यावर. तिथली माणसे त्याला पीएसए म्हणतात. साहित्याच्या व्यासपीठावर हे कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी १९७५ सालचे कऱ्हाडचे संमेलन आठवावे. आणीबाणी असताना, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण असताना, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि बोलायचे ते बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. त्या खुर्चीचा मान हवा असेल तर तिचे कर्तव्यही पत्करावे लागते.

हा कायदा १९७८ सालचा. जंगलातले लाकूड चोरून नेणाऱ्यांना आवर घालायचा आहे, असे सांगत शेख अब्दुल्लांच्या सरकारने तो आणला. १९५३ पासूनच्या अकरा वर्षांतला बहुतेक काळ ज्यांनी स्वतः बंदिवासात काढला, त्यांच्या हातून हे घडावे याची मला आजही चीड येते. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव फारूक अब्दुल्ला याच कायद्याखाली स्थानबद्ध झाले, फेब्रुवारी २०२० मध्ये नातू ओमर. बहिष्काराच्या आणि दहशतीच्या काळातही हा माणूस लोकांना मतदानाला बाहेर काढू शकतो, असे ओमर यांच्याविरुद्धच्या कागदपत्रांत लिहिले होते. लोकांना मतदानाला नेण्याची ताकद ज्या कायद्यात धोका म्हणून नोंदली जाते, तो कायदा लोकशाहीचे रक्षण करीत नाही.

त्याचे काम कसे चालते ते नीट समजून घ्या. पोलीस अधीक्षक एक टिपण तयार करतो, जिल्हा दंडाधिकारी त्यावरून आदेश काढतो. पोलिसांच्या टिपणातली वाक्ये जशीच्या तशी आदेशात उतरवल्याचे उच्च न्यायालयाला वारंवार आढळले आहे. अटकेची कारणे कळवायला दहा दिवसांपर्यंत मुभा आहे, आणि सार्वजनिक हिताचे नाव घेऊन त्यातलीही तथ्ये दडवता येतात. आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळासमोर वकील उभा करण्याचा हक्क नाही. आरोपपत्र नाही, साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली एक वर्ष आणि राज्याच्या सुरक्षेच्या नावाखाली दोन वर्षे माणूस आत ठेवता येतो. न्यायालयाने आदेश रद्द केला, तर नवा आदेश तयार असतो. फौजदारी खटल्यात जामीन मिळाला, तर तुरुंगाच्या दारातच पीएसएचा कागद हातात पडतो. जम्मू-काश्मीरच्या रहिवाशाला राज्याबाहेरच्या तुरुंगात ठेवू नये, एवढी एक माणुसकी कायद्यात होती. २०१८ साली राज्यपाल राजवटीत तीही काढून टाकली. पुढच्याच वर्षी माणसे आग्र्याला, वाराणसीला हलवली गेली. कुपवाड्याच्या खेड्यातल्या आईने काही मिनिटांच्या भेटीसाठी आग्रा गाठायचे कसे? कोणत्या पैशाने, कोणती भाषा बोलत?

ऑगस्ट २०१९ मध्ये ३७०वा अनुच्छेद निष्प्रभ करताना साऱ्या देशाला एकच कायदा असा गजर झाला. जम्मू-काश्मीरचे दीडशेहून अधिक कायदे रद्द झाले. पीएसए मात्र जपून ठेवला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत या कायद्याखाली ४४४ आदेश निघाले, हे सरकारनेच संसदेत सांगितले.

आता तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात पहलगाम आहे, हे मी जाणतो. ते माझ्याही मनात आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी बैसरनच्या कुरणात जी २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा आपली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. त्या मारेकऱ्यांची बाजू घेणारा एक शब्दही माझ्या तोंडून निघणार नाही. १९९० साली घरे सोडावी लागलेल्या पंडितांचे दुःखही मला कोणी शिकवायला नको. पण खुनासाठी आपल्याकडे कायदा आहे, कटासाठी आहे, शस्त्रांसाठी आहे, दहशतवादासाठी तर अत्यंत कठोर असा यूएपीए आहे. पुरावा असेल तर खटला भरा आणि शिक्षा द्या. पीएसए लागतो तो पुरावा नसेल तिथे. म्हणजे मारेकऱ्याला पकडायला तो निरुपयोगी आणि शेजारच्या गावातल्या नको असलेल्या पोराला दोन वर्षे डांबायला सोयीचा. बैसरनच्या हत्याकांडाच्या दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्याने बाजारपेठा बंद ठेवून निषेध केला होता. त्या लोकांना संशयित म्हणून वागवणे, हा आपल्या सहा मृतांचा सन्मान नाही.

लेखकांनो, हा प्रश्न थेट तुमचाही आहे. पत्रकार सज्जाद गुल यांना जानेवारी २०२२ मध्ये जामीन मिळताच पीएसए लागला. ‘काश्मीर वाला’चे संपादक फहाद शाह यांनाही त्याच वर्षी. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोघांचेही आदेश रद्द केले. गेलेली वर्षे कोणी परत केली? ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या गृहखात्याने २५ पुस्तके जप्त करण्याचा हुकूम काढला. त्यांत मुंबईचे विधिज्ञ ए. जी. नूरानी यांचा काश्मीरप्रश्नावरचा ग्रंथ आहे. मुंबईत राहून लिहिलेले पुस्तक श्रीनगरच्या दुकानात ठेवणे गुन्हा ठरते, आणि आमच्या साहित्यसंस्था गप्प बसतात!

महाराष्ट्राने गप्प बसावे हे तर अजिबात शोभत नाही. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना इंग्रजांनी १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना डांबले, तेव्हा तो साऱ्या देशाने अन्याय मानला. आणीबाणीत मिसा कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांचा आपण गौरव करतो. राज्य सरकारने २०१८ पासून त्यांना मानधन सुरू केले, २०२० मध्ये थांबवले, २०२२ मध्ये पुन्हा चालू केले. मी त्या मानधनाच्या विरोधात नाही. खटल्याविना तुरुंग भोगणे हा अन्याय होता, हे सरकारने मान्य केले याचा मला आनंद आहे. मग येरवड्यात जो अन्याय होता तो जम्मूच्या कोट भलवालमध्ये सुरक्षा कशी ठरतो, याचे उत्तर मला त्याच सरकारांकडून हवे आहे.

दोष एका पक्षाचा नाही. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदातच खटल्याविना स्थानबद्ध करण्याची मोकळीक आहे. मिसाखाली तुरुंगात गेलेल्या नेत्यांच्या जनता सरकारने १९७८ साली ४४वी घटनादुरुस्ती केली. सल्लागार मंडळाच्या संमतीविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमायचे ठरवले. संसदेने मंजूर केलेले ते कलम आजतागायत अमलात आलेले नाही, कारण एकाही सरकारने त्याची तारीख जाहीर केली नाही. मोरारजींनी नाही, इंदिराजींनी नाही, वाजपेयींनी नाही, मनमोहन सिंगांनी नाही, मोदींनी नाही. सर्वोच्च न्यायालयात ए. के. रॉय खटल्यात हा प्रश्न गेला, तेव्हा पुण्याचे सुपुत्र, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी सरकारला तसा आदेश देता येत नाही, असा निकाल दिला. १९७६ साली एडीएम जबलपूर खटल्यात नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या बहुमतातही ते होते, आणि एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. आपल्या माणसाचे हे दोन्ही निर्णय चुकीचे होते, हे महाराष्ट्राने मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

पीएसए रद्द करण्याचे आश्वासन अब्दुल्लांच्याच नॅशनल कॉन्फरन्सने २०२४ च्या जाहीरनाम्यात दिले. निवडून आल्यावर कळले की पोलीस केंद्राने नेमलेल्या नायब राज्यपालांच्या हाती आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये डोड्याचे विद्यमान आमदार मेहराज मलिक यांनाच त्या कायद्याखाली उचलले गेले. श्रीनगरच्या विधानसभेकडे बोट दाखवून आता कोणालाही सुटता येणार नाही. निर्णय दिल्लीत व्हायचा आहे, आणि दिल्लीत महाराष्ट्राचे लोकसभेचे ४८ खासदार बसतात.

म्हणून समारोपाच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. पीएसए रद्द करावा, त्याखाली डांबलेल्यांवर खटले भरावेत किंवा त्यांना सोडावे, आणि ४४व्या दुरुस्तीतले ते कलम तातडीने अमलात आणावे, अशी मागणी त्यात आहे. मसुदा कार्यवाहांच्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, पटला तर सही करा, आणि त्याची प्रत आपापल्या मतदारसंघाच्या खासदाराच्या हातात स्वतः नेऊन द्या.