संस्थेचें नांव आणि त्याची राखण
(ज्युबिलीच्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल समयीं आपल्या धर्मग्रामाच्या नांवाचा गौरव आपण ऐकत आहों. तें नांव पुढील पिढीच्या हातीं निर्मळ कसें द्यावें, एवढाच विचार आम्ही आपणांपुढें मांडूं इच्छितों.

उदाहरण घरचेंच आहे. लातुरांत १९७० सालीं राजर्षी शाहू महाविद्यालय निघालें. अभ्यास वेळेवर पुरा करणें, वारंवार सराव-परीक्षा घेणें, मागें पडलेल्याकडे वेगळें लक्ष पुरविणें, अशा साध्या शिस्तीस लोकांनीं ‘लातूर पॅटर्न’ म्हटलें. शिक्षकांच्या श्रमांनीं व मुलांच्या जागरणांनीं तें नांव उभें राहिलें. पुढें ५ मे २०२४ रोजीं झालेली ‘नीट’ परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्याच्या आरोपानें देशभर गाजली. जूनमध्यें दहशतवादविरोधी पथकाच्या नांदेड शाखेनें लातुरांत दोन जिल्हा परिषद शिक्षकांस चौकशीसाठीं ताब्यांत घेतलें. तपास नंतर सीबीआयकडे गेला. आरोपाचा निवाडा करणें न्यायालयाचें काम. परंतु मोबाईलच्या पडद्यावर दोन माणसांवरील आरोप सबंध शहराच्या नांवावर येऊन बसला. अनेक वर्षांची पुण्याई अशी एका रात्रींत पणास लागते.

अशा वेळीं संस्थेनें काय करावें? ऑक्टोबर २००३ मध्यें मुंबईंत कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सांपडल्याचें प्रकरण राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानें हातीं घेतलें. कंपनीनें आरंभीं दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखविलें. लोकांचें समाधान झालें नाहीं. मग तिनें अधिक बंदिस्त वेष्टन आणिलें, व त्यानंतर अमिताभ बच्चन यांच्या मुखानें ग्वाही दिली. खप पुन्हां सावरला. आधीं दुरुस्ती, मग बोलणें, हा क्रम ध्यानांत धरावा.

याच्या उलट वागण्याचें फळ खुद्द ख्रिस्तसभेनें भोगलें आहे. २००२ च्या जानेवारींत अमेरिकेंतील बोस्टनच्या वृत्तपत्रानें उघड केलें कीं, बालकांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंस तेथील अधिकाऱ्यांनीं एका धर्मग्रामांतून दुसऱ्यांत हलविलें होतें. अब्रू झांकावयास गेले, आणि अब्रूच गेली. डिसेंबरांत तेथील कार्डिनलांस पद सोडावें लागलें. मुलांची झालेली हानि तर कोणत्याही राजीनाम्यानें भरून येत नाहीं. म्हणून बालकास इजा झाल्याचा शब्द कानीं आला, तर संस्थेच्या नांवाचा विचार मनांतही आणूं नये. प्रथम बालक, आणि लगेच पोलीस ठाणें. आपल्या देशांतील २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें अशी खबर न देणें हा गुन्हा ठरविला आहे.

इतर तक्रारींतही हेंच धोरण असावें. समजा, कोणी पालकानें मोबाईलवर लिहिलें कीं, शाळेंत पावतीवांचून पैसे घेतात. ती तक्रार पुसून टाकिली तर संशय वाढतो. आपल्याच मंडळींकडून खोट्या नांवांनीं स्तुति लिहवून घेतली तर ती खोटी साक्ष होते. त्यापेक्षां त्याच दिवशीं एका जबाबदार माणसानें उत्तर द्यावें व चौकशीची मुदत सांगावी. तक्रार खरी ठरल्यास पैसे परत करून, जेथें तक्रार झाली तेथेंच तसें लिहावें. खोटी ठरल्यास पावतीपुस्तक दाखवावें. लिहिणाऱ्याची जात वा घराणें काढूं नये.

आणि आपणही, बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या शाळेविषयीं वा देवस्थानाविषयीं आलेला संदेश खात्री केल्यावांचून पुढें पाठवूं नका. आठवी आज्ञा मोबाईलवरही तितकीच लागू आहे.

नांव राखावयाचें तर काम राखावें, आणि कामांत चूक झाल्यास ती आपण होऊन सांगावी. हें धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो.