अखेरच्या षटकाचा मानकरी

क्रिकेट हा अकरा जणांचा खेळ म्हणतात. पण अखेरचे षटक एकट्याचे असते. प्रतिपक्षाला विजयासाठी नऊ-दहा धावा हव्या असतात, चेंडू सहाच उरलेले असतात, प्रेक्षक जागेवरून उठून उभे राहिलेले असतात; आणि अशा वेळी कर्णधार कुणा एकाच्या हाती चेंडू ठेवतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात या कामासाठी स्वतंत्र माणूस बाळगतात. सामना अटीतटीला येईपर्यंत तो मैदानाबाहेर बसून असतो, आणि हाक आली की ताज्या दमाने येऊन इतरांनी मिळविलेले यश राखतो. क्रिकेटमध्ये ती सोय नाही. दिवसभर धावून थकलेल्या गोलंदाजालाच हे ओझे उचलावे लागते. दिल्लीच्या आशिष नेहराने ते अनेक वर्षे उचलले, आणि त्याचे दोन्ही प्रकारचे मोल चुकते केले.

नेहराचा जन्म दिल्लीत २९ एप्रिल १९७९ रोजी झाला. तारक सिन्हा यांच्या सॉनेट क्लबमध्ये त्याची घडण झाली. मनोज प्रभाकर, रमण लांबा, आकाश चोप्रा, शिखर धवन, ऋषभ पंत ही सारी याच आखाड्यातली मंडळी. उंच, शिडशिडीत, डाव्या हाताने वेगवान मारा करणारा हा तरुण फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलंबो येथे श्रीलंकेविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळला. पण ज्या शरीराच्या बळावर हा वेग उभा होता, तेच शरीर त्याला वरचेवर दगा देई. आपल्यावर बारा शस्त्रक्रिया झाल्या, असे तो स्वतःच सांगतो. एप्रिल २००४ मध्ये रावळपिंडीला तो सतरावा आणि शेवटचा कसोटी सामना खेळला, तेव्हा त्याला पंचवीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

या शरीराशी त्याने कसा व्यवहार ठेवला, याची साक्ष डर्बनच्या सामन्याने दिली. २००३ च्या विश्वचषक स्पर्धेत नामिबियाविरुद्ध खेळताना त्याचा घोटा दुखावला होता. तीनच दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, इंग्लंडशी गाठ होती. सुजलेल्या पायाने तो मैदानात उतरला. मध्येच त्याला ओकारी झाली. तरीही त्याने आपली दहा षटके पुरी केली आणि २३ धावांत ६ बळी घेतले. विश्वचषकातील भारतीय गोलंदाजाची ही सर्वोत्तम कामगिरी वीस वर्षे अबाधित राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडे मैदानावर महंमद शमीने सात बळी घेतले, तेव्हा कोठे ती मागे पडली.

डर्बनला त्याच्या कौशल्याचे दर्शन घडले. स्वभावाची पारख व्हायची होती ती अखेरच्या षटकात. १३ मार्च २००४ रोजी कराचीला भारताने ३४९ धावा केल्या होत्या, आणि पाकिस्तान त्या गाठण्याच्या बेतात होते. शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या. सौरव गांगुलीने चेंडू नेहराकडे दिला. पहिल्या पाच चेंडूंत त्याने तीनच धावा दिल्या. शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. मोईन खानने फटका मारला आणि झहीर खानने झेल घेतला. भारताने पाच धावांनी सामना जिंकला, आणि नेहराची देशभर वाहवा झाली.

त्यानंतर सात वर्षांनी, १२ मार्च २०११ रोजी, नागपूरजवळच्या जामठा मैदानावर असाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेला अखेरच्या षटकात तेरा धावा हव्या होत्या. हरभजनसिंगचे षटक शिल्लक असूनही धोनीने नेहरालाच बोलावले. समोर रॉबिन पीटरसन होता. चौकार, षटकार, दोन धावा आणि पुन्हा चौकार. चार चेंडूंत सामना संपला. त्या दिवशी सचिन तेंडुलकरने शतक काढले होते, आणि त्यानंतर भारताचे शेवटचे नऊ गडी अवघ्या २९ धावांत बाद झाले होते. पण नऊ फलंदाजांचा दोष नऊ ठिकाणी वाटला जातो; अखेरच्या षटकाचा दोष मात्र एकाच नावावर जमा होतो. टीकेचा सारा भडिमार नेहरावर झाला.

यानंतर तो संपला असे म्हणणाऱ्यांची वाण नव्हती. परंतु अठराच दिवसांनी, ३० मार्चला, मोहालीत पाकिस्तानविरुद्धच्या उपान्त्य सामन्यासाठी त्याची निवड झाली. त्याने दहा षटकांत केवळ ३३ धावा देऊन दोन गडी बाद केले. त्या दिवशीच्या भारतीय गोलंदाजांत सर्वांत काटकसरीची गोलंदाजी त्याचीच होती. दैव मात्र अजून रुसलेलेच होते. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्याचे बोट मोडले. २ एप्रिलला वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातील अकरांत नेहरा नव्हता. पुढे एकही एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना त्याच्या वाट्याला आला नाही. १२० सामन्यांत १५७ बळी, एवढ्यावर तो हिशेब थांबला.

तरीही २६ जानेवारी २०१६ रोजी ॲडलेड येथे वीस षटकांच्या सामन्यात तो पुन्हा भारताकडून खेळला. वय छत्तीस वर्षांचे होते. त्याच सामन्यात जसप्रीत बुमराहने या प्रकारात पदार्पण केले. त्याच वर्षी २३ मार्चला बंगळूरला बांगलादेशविरुद्ध शेवटचे षटक हार्दिक पांड्या टाकत होता. अखेरचा चेंडू उरला असता धोनी आणि नेहरा त्या तरुणापाशी मसलत करीत होते. भारताने तो सामना एका धावेने जिंकला. धावफलकावर अशा सल्ल्याची नोंद होत नाही. पण कराची आणि नागपूर ही दोन्ही गावे पाहिलेल्या माणसापाशीच तो मिळतो.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्याच दिल्लीत, फिरोजशाह कोटला मैदानावर, न्यूझीलंडविरुद्ध त्याने निरोप घेतला. डावाचे शेवटचे षटक कर्णधार विराट कोहलीने त्यालाच दिले. सामना केव्हाच हातात आला होता. त्या षटकात राखायचे असे काही उरले नव्हते. इतक्या निर्धास्तपणे अखेरचे षटक टाकण्याचा योग त्याला क्वचितच आला असेल.

पुढे तो गुजरात टायटन्सचा प्रशिक्षक झाला, आणि २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात, पांड्याच्या नेतृत्वाखाली, त्या संघाने आयपीएलचे विजेतेपद मिळविले. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात चेन्नईला शेवटच्या षटकात तेरा धावा हव्या होत्या. गुजरातच्या मोहित शर्माने पहिल्या चार चेंडूंत तीनच धावा दिल्या. परंतु उरलेल्या दोन चेंडूंवर रवींद्र जडेजाने षटकार आणि चौकार मारून चषक हिरावून नेला. नागपूरला नेहराने जे भोगले होते, तेच त्या रात्री मोहितच्या वाट्याला आले. पुढच्या हंगामात, २०२४ मध्येही, मोहित गुजरातकडूनच खेळत होता.